काजव्याचं रीडिंग

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी माझं एक ठरलेलं काम असतं. लॅबच्या फ्रीजमधून स्वॅबचं पाकीट काढायचं आणि टेबलावर ठेवून द्यायचं. तेवढ्यात चहा येतो. चहा संपेपर्यंत स्वॅब खोलीच्या तापमानाला आलेले असतात. मग एकेक स्वॅब घेऊन खाली जायचं, रात्री धुतलेल्या मशीनच्या पत्र्यावरून तो फिरवायचा, परत नळीत खोचायचा, आतलं औषध खाली उतरवायचं, हलवायचं आणि हातातल्या छोट्या यंत्रात उभा ठेवायचा. काही सेकंदांत आकडा येतो. आकडा छोटा असला की लाइन चालू करायला मी सही देते. मोठा असला की पुन्हा धुवायला सांगते, मग सुपरवायझरला कितीही घाई असो.

हा आकडा उजेडाचा असतो, आणि तो उजेड काजव्याचा असतो. नळीतल्या औषधात ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ आणि ल्युसिफरेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. काजव्याच्या पोटाच्या टोकाला हीच जोडी असते. तिला ऑक्सिजन, किंचित मॅग्नेशियम आणि एटीपी मिळालं की उजेड पडतो. एटीपी म्हणजे प्रत्येक सजीव पेशीत असलेले ऊर्जेचे सुटे पैसे. पत्र्यावर दुधाचा ओघळ, पिठाचा कण किंवा जिवाणूंचा थर राहिला असेल तर त्यातलं एटीपी स्वॅबला लागतं आणि नळीत डोळ्यांना न दिसण्याइतका मंद उजेड होतो. यंत्र तेवढा मोजतं.

एटीपीचं हे काम कळलं १९४७ साली. अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम मॅकेलरॉय नावाचे शास्त्रज्ञ शहरातल्या मुलांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट द्यायचे, आणि मुलं बाटल्या भरभरून काजवे आणायची. त्या काजव्यांच्या अर्काचा उजेड थोड्या वेळाने विझायचा. त्यात एटीपी घातलं की तो परत पेटायचा. आता त्यासाठी एकही काजवा मारावा लागत नाही. १९८५ मध्ये या विकराचं जनुक काजव्यातून वेगळं करून जिवाणूत बसवण्यात आलं, आणि पुढे ते विकर जिवाणूंकडूनच टाक्यांमध्ये तयार करून घेता येऊ लागलं. नोकरीला लागल्यावर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. तोवर मला प्रत्येक नळीत एक मेलेला काजवा दिसायचा.

आठ वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. पाऊस होता, ठाण्याहून सुटणारी माझी नेहमीची लोकल रद्द झाली आणि मी पोचेपर्यंत पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती. स्वॅब फ्रीजमधून काढले आणि तसेच वापरले. सगळे आकडे छोटे आले. मी सही दिली. दोन दिवसांनी त्याच पत्र्यावरून घेतलेल्या नमुन्याच्या प्लेट्स उघडल्या तर त्यांच्यावर जिवाणूंच्या वसाहती दाटून उगवल्या होत्या. माल अजून गोदामात होता, बाहेर गेला नव्हता, म्हणून निभावलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. विकर गार होतं. या विकराचं काम पंचवीस अंशांच्या आसपास सगळ्यात चांगलं चालतं. त्याखाली ते सुस्तावतं, आणि फार तापवलं तर त्याची घडीच मोडते. घाण तिथे होती, एटीपी होतं, नळीतलं सगळं साहित्य होतं, पण थंडीमुळे उजेड पडला नव्हता आणि मी त्याचा अर्थ स्वच्छता असा लावला होता.

दुसऱ्या दिवशी मी फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला : दहा मिनिटं बाहेर ठेवा. तो अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. लॅबमध्ये नवी मुलगी आली की तिला मी आधी तो कागद दाखवते आणि सांगते, यंत्र फक्त उजेड किती ते सांगेल, उजेड कमी का आहे ते तुला शोधावं लागेल. पत्र्यावर धुण्याचं क्लोरीन राहिलं असेल तरी उजेड कमी दिसतो. नळी आडवी धरली तरी चुकतो.

हे सगळं मी येऊरच्या काजव्यांमुळे लिहायला घेतलं आहे.

आमची बिल्डिंग ठाण्याला शिवाईनगरच्या वरच्या अंगाला आहे. मागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे ओढा, ज्याला आता सगळे नाला म्हणतात, आणि ओढ्यापलीकडे डोंगर चढायला लागतो. तो येऊरचा डोंगर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. मे महिना संपता संपता वळवाची एखादी सर पडून जाते आणि पाड्यावरची एक मावशी शेवळं ही रानभाजी घेऊन नाक्यावर बसायला लागते. जुड्या बांधलेल्या, सोबत काकडं ही आंबट रानफळं, कारण काकडांशिवाय शेवळं शिजवली तर घसा धरतात. शेवळाचा कंद कोरड्या दिवसांत जमिनीत गप्प असतो आणि पहिल्या ओलीला कोंब वर काढतो. मी मावशींना दर वर्षी विचारते, काजवे दिसले का वर? त्यांचं उत्तरही ठरलेलं : "शेवळं आली म्हंजी काजवं आलंच ना."

त्यांचं बरोबर आहे, दोन्ही एकाच ओलीची वाट बघतात. काजव्याचं जवळजवळ सगळं आयुष्य आपल्या नजरेआड जातं. त्याची अळी पालापाचोळ्याखाली आणि ओलसर मातीत महिनोन्महिने राहते, गोगलगायी खाते, आणि तिच्याही अंगाला उजेड असतो. पंख फुटलेला काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. बऱ्याच जातींचे काजवे त्या दिवसांत काहीच खात नाहीत. जूनमध्ये आपल्याला दिसतो तो उजेड आधीच्या पावसाळ्यात खाल्लेल्या गोगलगायींच्या जोरावर पडत असतो. ओढ्याकाठचा पाला गोळा करून पेटवला, काठ काँक्रीटने बांधून काढला, डासांसाठी फवारणी केली, तर लगेच काही दिसत नाही. त्याचा हिशोब पुढच्या जूनमध्ये होतो.

ओलीची गोष्ट मला आजीने शिकवली. मुरबाडच्या पुढे आमचं आजोळ. मी आणि माझा मामेभाऊ सात-आठ वर्षांचे असू. हॉर्लिक्सच्या बाटलीत काजवे भरून उशाशी ठेवले, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली होती. सकाळी सगळे मेलेले. मी रडले. आजी म्हणाली, हवा दिलीत, पाणी नाही दिलंत. दुसऱ्या रात्री तिने बाटलीच्या तळाशी मातीचं ओलं ढेकूळ आणि वर अळूचं भिजवलेलं पान घातलं, आणि चारच काजवे ठेवू दिले. ते सकाळी जिवंत होते. पानाखाली दडून बसलेले. संध्याकाळी आम्ही झाकण उघडलं तेव्हा ते पानाच्या कडेपर्यंत चालत आले, तिथे एकदा लुकलुकले आणि उडाले. काजव्याचं अंग मऊ असतं, कोरड्या हवेत ते लवकर सुकतं. आजीला हे कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. काजवे अंगणात खाली उतरले की पाऊस दोन दिवसांवर आला, असं ती म्हणायची. पावसाआधी हवा दमट होते आणि काजव्यांना तीच सोसते, हे मी तिच्या म्हणण्याला नंतर जोडलं.

२०११ पासून मी एक वही ठेवली आहे. मागच्या गॅलरीतून भिंत, ओढा आणि पलीकडचं उंबराचं झाड एवढाच पट्टा दिसतो. वळवाच्या पहिल्या सरीपासून पावसाची झड लागेपर्यंत रोज रात्री आठ ते साडेआठ मी तिथे बसते आणि मोजते. सुरुवातीला वहीत दोनच रकाने होते, तारीख आणि काजवे. एका रात्री चाळीस, दुसऱ्या रात्री नऊ असे आकडे यायला लागले तेव्हा मला लॅबमधली चूक आठवली आणि मी रकाने वाढवले : तापमान, वारा, चंद्र, आदल्या चोवीस तासांतला पाऊस.

तापमानाचा रकाना सगळ्यात उपयोगी पडला. कीटकाचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम असतं, त्यामुळे उकाड्याच्या रात्री काजवा भरभर लुकलुकतो आणि गार रात्री दोन लुकलुकींमधलं अंतर वाढतं. आता विचार करा, नर हवेत उडत खुणा करतो आणि मादी गवताच्या पात्यावर बसून उत्तर देते. किती सेकंदांनी खूण झाली आणि किती वेळाने उत्तर आलं, यावरून ते एकमेकांची जात ओळखतात. हवा बदलली आणि नराचा ताल बदलला तर मादीने त्याला कसं ओळखायचं? अमेरिकेतल्या काजव्यांवर हे मोजलेलं आहे : मादीचा उत्तर द्यायचा वेळही तापमानाप्रमाणे तसाच लांबतो किंवा आखडतो. दोघं एकाच रात्रीच्या हवेत असतात म्हणून दोघांची घड्याळं एकत्र मागेपुढे होतात. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. ती कळल्या दिवशी मी लोकलमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितली होती, आणि त्यांनी ऐरोलीला उतरेपर्यंत मन लावून ऐकली.

लुकलुकण्याची कळ मात्र ऑक्सिजनची आहे. उजेडाला हवा लागते हे रॉबर्ट बॉइलने १६६७ मध्येच दाखवलं होतं. कुजलेल्या लाकडाचा उजळणारा तुकडा त्याने काचेच्या भांड्यात ठेवून हवा उपसून घेतली. उजेड गेला. हवा परत सोडली, उजेड परत आला. लाकडाचा तो उजेड बुरशीचा असतो. आपल्याकडे भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात ओल्या ओंडक्यांवर तो बघायला मिळतो. बुरशी तासन्‌तास एकसारखी उजळत राहते, काजवा मात्र क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो. हे तो कसं करतो, याचं उत्तर २००१ साली मिळालं. काजव्याच्या उजेडाच्या पेशीत ऊर्जा बनवणारे घटक बाहेरच्या कडेला दाटीने असतात आणि आत येणारा सगळा ऑक्सिजन तेच पिऊन टाकतात, त्यामुळे आतलं ल्युसिफेरिन उपाशी राहतं. मेंदूकडून निरोप आला की नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होतो आणि तो या घटकांना क्षणभर थोपवतो. तेवढ्या फटीतून ऑक्सिजन आत शिरतो आणि काजवा पेटतो. म्हणजे प्रत्येक लुकलुकीला तो एक क्षण आपला श्वास रोखून धरतो, असं मी माझ्यापुरतं समजते.

ठाणं सोडलं की माझी गाडी खाडीवरून जाते. चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी माझ्या आईच्या मैत्रीण होत्या. लग्नाआधी त्या वडिलांबरोबर होडीतून बाहेर समुद्रात जायच्या. त्या सांगायच्या, अंधाऱ्या पक्षात वल्हं मारलं की वल्ह्याला उजेड लागायचा, जाळं ओढताना हातावरून निळं पाणी ओघळायचं. तो उजेड नॉक्टिल्युकासारख्या एकपेशीय जिवांचा. पाणी हललं, पेशीवर ताण आला की पेशीच्या आतल्या बारक्या पिशव्यांमधली आम्लता एकदम वाढते आणि उजेड पडतो. काजव्याची कळ ऑक्सिजनची, यांची आम्लाची, आणि ती दाबायला लाट किंवा वल्हं लागतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या पेटलेल्या दिसल्या तेव्हा माझ्या फोनवर एका रात्रीत दहा व्हिडिओ आले. सगळे आनंदात होते. मलाही बघताना हरखायला झालं, पण लगेच पोटात गोळा आला. अरबी समुद्रात हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युकाची प्रचंड वाढ व्हायला लागली आहे, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचा संबंध पाण्यातला ऑक्सिजन कमी होण्याशी लावला आहे. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात बाकीच्या सूक्ष्म वनस्पती मागे पडतात आणि ही पुढे जाते. माशांच्या नेहमीच्या अन्नसाखळीला तिचा फारसा उपयोग नाही. येऊरला उजेड वाढला तर मी खूश होईन, समुद्राचा वाढला तर काळजी करेन. स्वॅबचंही असंच आहे, तिथे मोठा आकडा म्हणजे वाईट बातमी.

माझी एक कॉलेजची मैत्रीण सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. तिच्याकडे समुद्रातले उजळणारे जिवाणू कुपीत गोठवून ठेवलेले असतात. ते दोन टक्के मिठाच्या पाण्यात जागे करायचे, पंधरा अंशांवर ठेवायचे, उजेड मोजायचा, मग त्यात कारखान्याचं पाणी घालून पंधरा-तीस मिनिटांनी परत मोजायचा. पाण्यात विष जितकं जास्त तितका उजेड मंदावतो. तापमान, मीठ आणि वेळ अशी बांधून घातली, तरच घटलेल्या उजेडाचा दोष विषाला देता येतो. आम्ही दोघी फोनवर या विषयावर तासभर बोलू शकतो.

खोल समुद्रातल्या प्राण्यांबद्दल मी फक्त वाचलं आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पाण्यात कॅमेरे सोडून केलेल्या मोजणीत, तळ सोडून मधल्या पाण्यात दिसलेल्या प्राण्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्राणी उजेड करणारे निघाले. त्यांतल्या एका बारक्या माकुलीवर माझा फार जीव आहे. ती दिवसा खोल, थंड पाण्यात असते आणि रात्री वर उबदार पाण्यात येते. वरून येणाऱ्या प्रकाशात खालून आपली सावली दिसू नये म्हणून ती पोटाकडून तेवढाच उजेड सोडते. दिवसा खोलवर पोचणारा प्रकाश निळा असतो, रात्रीच्या चांदण्याचा रंग वेगळा. हवाईला १९८० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत दिसलं की पाणी गरम झालं की तिच्या उजेडाचा रंग बदलतो. डोक्यावर दिवस आहे की रात्र, हे ती पाण्याच्या उबेवरून ठरवते. समुद्र तापत चालला आहे हे वाचते तेव्हा मला ही माकुली आठवते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर बिबट्या दिसला. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीत पंजे उमटलेले मी स्वतः पाहिले. सोसायटीने आठवड्याभरात मागच्या बाजूला चार एलईडी फ्लडलाइट बसवले, पांढरे, ओढ्याच्या पलीकडे उंबरापर्यंत पोचणारे. मी विरोध केला नाही. खाली लहान मुलं खेळतात, आणि भीती खरी होती. त्या वर्षी वहीत पहिल्या रात्रीपासून शेवटच्या रात्रीपर्यंत शून्य. पुढच्या वर्षीही शून्य. आधीच्या चांगल्या रात्रींच्या नोंदी साठ-सत्तरच्या आहेत. मी शून्य लिहीत गेले आणि मनात म्हणत गेले की संपले.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री सव्वाआठला वीज गेली. संध्याकाळी सर येऊन गेली होती, हवा थांबलेली, अंगाला चिकटणारी. फ्लडलाइट विझले, समोरच्या टॉवरचे दिवे विझले, रस्त्याचेही. मी मेणबत्ती शोधायला उठले आणि गॅलरीच्या दारातच थांबले. बराच वेळ काही दिसलं नाही. मग उंबराच्या खालच्या फांदीवर एक ठिपका पेटला. विझला. पुन्हा पेटला, हातभर पुढे. मग ओढ्याकडे दुसरा. आपण म्हणतो ना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तसंच मला क्षणभर वाटलं, एवढी मी दचकले होते. चाळीस मिनिटांत मी अकरा मोजले. मग वीज आली आणि भिंत, ओढा, उंबर सगळं पांढरं झालं. त्या काजव्यांतला एकही मला परत दिसला नाही.

मी वही उघडून मागची पानं बघत बसले. ती शून्यं मीच लिहिली होती, रोज, मनापासून, तापमानासकट. दिव्याचा रकाना मात्र मी केला नव्हता. लॅबमध्ये ज्या चुकीबद्दल मी नव्या मुलींना बजावते, तीच मी घरी दोन वर्षं करत होते.

पण अकरा म्हणजे आनंदाची बातमी असंही मला म्हणवत नाही. पांढऱ्या झोतात नर खूण करायचंच सोडतो, किंवा करतो आणि मादीला ती दिसत नाही. ती उत्तर देत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या संध्याकाळी अशाच गेल्या तर अंडी पडत नाहीत. जगभरातल्या काजवे अभ्यासकांची मतं गोळा करून २०२० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात काजव्यांवरची सगळ्यात मोठी संकटं म्हणून तीन गोष्टी पुढे आल्या : राहायची जागा जाणं, रात्रीचे कृत्रिम दिवे आणि कीटकनाशकं. आमच्या भिंतीमागे तिन्ही आहेत. वरचा उतार अजून काळोखात आहे आणि तिथून काही काजवे खाली येत असणार, म्हणून मला ते अकरा दिसले.

सोसायटीच्या सभेत मी हा विषय मांडला. तळमजल्यावरचे काका सगळ्यात आधी उठले. त्यांचा नातू चार वर्षांचा आहे. ते म्हणाले, "ताई, काजव्यांपायी पोरांचा जीव धोक्यात घालायचा का?" त्यांना मी काय उत्तर देणार होते? मी म्हटलं, नाही घालायचा. सेक्रेटरींनी मधला मार्ग सुचवला की पांढऱ्याऐवजी पिवळे दिवे लावू, पिवळ्याचा कीटकांना त्रास होत नाही असं त्यांनी ऐकलं होतं. मला ते नाकारावं लागलं आणि त्याचं कारण सांगताना माझा आवाज चढला. पतंग-किड्यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण काजव्याचा स्वतःचा उजेडच पिवळा-हिरवा असतो आणि त्याचे डोळे त्याच रंगाला सगळ्यात तीक्ष्ण असतात. संधिप्रकाशात उडणाऱ्या जातींचा उजेड जास्त पिवळा आणि गडद रात्री उडणाऱ्यांचा जास्त हिरवा, असं १९८० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी दाखवलं होतं. दिवस पुरता मावळलेला नसताना पानांवरून हिरवा उजेड परावर्तित होत असतो, त्यात हिरवी खूण बुडून जाते, म्हणून पिवळी. आपण लावलेला पिवळा दिवा नेमका त्याच खुणेवर पडणार. त्यातल्या त्यात लाल बरा.

शेवटी ठरलं ते असं : पहिल्या वळवापासून झड लागेपर्यंत, रोज रात्री आठ ते साडेनऊ मागचे चारही दिवे बंद. त्या वेळात मुलांनी मागे जायचं नाही. वॉचमन मागच्या दाराशी बसेल, त्याच्या बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद लावायचा. पायऱ्यांवरचा दिवा चालू राहील, पण त्याला वरून झाकण. काकांनी हात वर केला नाही, पण विरोधही नोंदवला नाही.

यंदा शेवळं जरा उशिरा आली. नाक्यावर मावशींच्या पाटीत पहिल्या जुड्या दिसल्या त्याच दिवशी संध्याकाळी मी सेक्रेटरींना फोन केला. पावणेआठला खाली गेले तर मागच्या दाराशी काका उभे होते, हातात काठी, नातवाला वर ठेवून आलेले. आठ वाजायला थोडा वेळ होता म्हणून पायरीच्या दिव्याखाली मी वही भरून घेतली : तापमान एकोणतीस, वारा नाही, चंद्र नाही, दुपारी अर्धा तास पाऊस. दिव्यांच्या रकान्यात लिहिलं, बंद. शेवटचा रकाना रिकामा ठेवला.

वॉचमनने कळ दाबली. भिंत गेली, ओढा गेला, उंबर गेला. नुसता पाण्याचा आवाज राहिला.

काका अंधारात डोळे ताणून बघत होते. "काहीच दिसत नाही हो, ताई."

"दहा मिनिटं थांबा, काका," मी म्हटलं.